कोंडाला सून दाखवली

बाबा, त्या म्हातारीचा अंगठा तिच्या कपाळाला टेकला आणि माझं सगळं तिथंच फिरलं. एवढासाच वेळ लागला. कुंकवाचा अंगठा, म्हातारीचं बोळकं हसू, आणि माझ्याकडे वळलेले तिचे डोळे. त्याच्या आधी माझ्याजवळ एक मुलगी होती, त्याच्यानंतर नव्हती. आणि याला तू जबाबदार आहेस. तू गेलास तेव्हा मी नववीत होतो. सगळे रडत होते म्हणून मीही रडलो, तुझ्यावर रागवायचं राहूनच गेलं. आज रडत नाहीये. आई सकाळीच भात कापायला गेलीय, काका कामावर आहे, घरात मी एकटा बसलोय, आणि मला तुझ्याशी भांडायचं आहे. तू समोर असतास तर एवढी वाक्यं ऐकून घेतली नसतीस, दुसऱ्याच वाक्याला चप्पल आली असती. म्हणून लिहितोय. लिहिलेल्याला चप्पल मारता येत नाही.

नव्याची पुनव आली की आपल्या गावात शेतातलं नवं भात आधी घरात शिजत नाही, पहिल्या लोंब्या कोंडावर जातात. हे तुला सांगायची काय गरज. पण हल्ली मी सगळं पहिल्यापासून सांगतो, कारण तिला अर्धं सांगितलं आणि त्यातच मेलो. तर गावामागचा धबधबा, त्याच्या पायाशी तो खोल डोह, कोंड, आणि कोंडाच्या काठाला शेंदूर फासलेला काळा दगड. पुनवेला प्रत्येक घरातला पुरुष मूठभर लोंब्या घेऊन जातो, दगडावर ठेवतो, पाया पडून परत येतो. ज्या वर्षी त्याचं लग्न झालेलं असेल त्या वर्षी मात्र बायकोला घेऊन जातो. दोघं एकत्र हात लावून लोंब्या ठेवतात, जमलेल्या बायका नवरीला कुंकू लावतात, आणि गाव म्हणतं, कोंडाला सून दाखवली. मग ती सून सासू नाकारू शकत नाही की भावकी नाकारू शकत नाही. "कोर्टात केस फिरल, कोंडावरची फिरत नाय," असं तूच म्हणायचास. मोठ्या आवाजात, जणू कोंड तुझ्याच मालकीचा होता.

मला तो रस्ता अजून तुझ्या खांद्यावरून दिसतो. तू रात्रपाळी करून अंबरनाथहून आलेला असायचास, अंगाला कंपनीचा तो कुजक्या अंड्यासारखा वास, डोळे लाल, तरी न झोपता मला खांद्यावर घेऊन निघायचास. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडायला लागलेलं, बांधावर तेरडा सुकत आलेला, वर सोनकीनं अख्खा उतार पिवळा केलेला. पावसाळ्यात कोंड दिसत नाही एवढी पोरं-पोरी, भज्यांच्या गाड्या, पोलिसांच्या शिट्ट्या. पुनवेला कोणी नसतं. "आता बघ," तू म्हणतोस, "आता खरा कोंड. पावसात तो पिलेला असतो, आता शुद्धीवर आलाय." आणि मी वरून बघतो. पांढरी बारीक धार, खाली हिरवं काच झालेलं पाणी, त्यात तळाचे गोटे दिसतायत. मग तू मला त्या दगडाशेजारी बसवतोस आणि दरवर्षीची तीच गोष्ट सुरू करतोस. मला पाठ होती, तरी मी दरवर्षी मागायचो.

"तुझी आईस वांगणीची. इथं मावशीकडं आलती पुनवेला. मी बोललो, चल, कोंड दाखवतो. आली. माझी भईन होती बरोबर, तिला पुढं पाठवली. इथं आलो नि खिशातनं लोंब्या काढल्या, हिचा हात धरला नि दिल्या ठेवून. बायका हायतच काठाला. लागलं कुंकू! सांजच्याला तिचा बाप काठी घेऊन आला."

"मग?"

"मग काय, जेवून गेला."

इथं तू हसायचास आणि तुझं हसणं समोरच्या कातळावर आपटून परत यायचं. एकदा, फक्त एकदाच, मी विचारलं होतं, "आणि आई काय बोलली?" तू माझ्याकडे असं बघितलंस, जसं काही मी धबधबा वर का जात नाही असं विचारलंय. "ती काय बोलनार? तोंड सगलं पान्यानं भिजलेलं, नि हसत होती." झालं. मला तेवढं पुरलं. मी सात-आठ वर्षांचा पोरगा, मला वाटलं, बाप म्हणजे काय माणूस आहे! ना कोणाला विचारलं, ना कोणाला घाबरला, उचलला हात आणि ठेवल्या लोंब्या. प्रेम करावं तर असं. बाबा, मी ही गोष्ट बरोबर घेऊन मोठा झालोय. बाकीच्यांना त्यांच्या बापानं घड्याळ दिलं, गाडी दिली. मला तू ही गोष्ट दिलीस.

तू गेल्यावर एक गंमत झाली. तुझी मतं वाढली. जिवंत होतास तेव्हा आमटीत मीठ कमी आहे, याच्या पलीकडे घरात तू कशावर बोलल्याचं मला आठवत नाही. मेल्यावर मात्र तुला सगळ्यातलं कळायला लागलं. मी केस वाढवले, काका म्हणाला, "तुझा बाप असता तर न्हाव्याला घरी बोलावला असता." मी उल्हासनगरच्या कॉलेजात सायन्स घेतलं, "तुझा बाप असता तर आयटीआयला टाकला असता, आतापर्यंत कंपनीत लागला असतास." कॉलेज सोडलं, तर "तुझा बाप असता तर कॉलेज सोडायची हिंमत केली असतीस?" म्हणजे तू सायन्सच्याही विरोधात आणि ते सोडण्याच्याही विरोधात. आणि तिच्याबद्दल कळलं तेव्हा तर काका ओट्यावर उभा राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असा ओरडला, "आपल्यातली नाय ती! तुझा बाप असता तर तुला उभा चिरला असता!" आई आत भाकऱ्या थापत होती. तिनं एका शब्दानं म्हटलं नाही की नसता चिरला. मी तिच्याकडे बघत राहिलो आणि ती तव्याकडे.

ती कोण, हे तुला सांगायला हवं. नाव लिहीत नाही. कुळगावात राहते, स्टेशनपासून जवळ, तिसऱ्या मजल्यावर. तिचे पप्पा सरकारी नोकरीतून रिटायर झाले, घरात पुस्तकांचं कपाट आहे, रविवारी बुद्धवंदना होते. नवस, नारळ, कुंकू, अंगारे असलं त्यांच्याकडे काही नाही, आणि का नाही ते तिच्या आजोबांपासून सगळ्यांना नीट सांगता येतं. आपल्याकडे का आहे ते कोणालाच सांगता येत नाही. कॉलेजात प्रॅक्टिकलला ती माझ्या बाकावर होती. मी टेस्ट ट्यूब फोडायचो आणि ती सरांना सांगायची, आधीच तडा होता सर. आता ती बदलापुरात एका लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते. मी एकदा उगाच तपासणीला गेलो. माझी नस कोणाला मिळत नाही, तिला पहिल्या झटक्यात मिळाली. "हाताची मूठ सोड आता," ती म्हणाली. मी सोडलीच नाही, बघत बसलो. "हिरो, सुई आत आहे, मूठ सोड." हस, हस तू. मला माहितेय हे ऐकून तुला हसू येणार. पण मी त्या दिवशी लॅबमधून निघालो आणि स्टेशनपर्यंत तो कापूस कोपरात दाबून तसाच चालत होतो. रक्त केव्हाच थांबलं होतं.

कॉलेज का सोडलं तेही सांगतो, कारण काका तुला वेगळं सांगत असेल. कँटीनमध्ये एक पोरगा तिच्या जातीवरून काहीतरी बोलला. काय ते लिहीत नाही. मी त्याच्या तोंडावर स्टीलचा ट्रे हाणला. प्रिन्सिपल म्हणाले, दोघांनीही माफी लिहून द्या. मी म्हणालो, मी नाही देणार. ती मला जिन्यात गाठून म्हणाली, "दे ना लिहून. तुझी परीक्षा तोंडावर आहे. माझ्यासाठी दे." मी म्हणालो, तुझ्यासाठीच तर देत नाहीये. आणि चालता झालो. आता उल्हासनगरात पडद्यांच्या दुकानात काम करतो, तागे उचलतो, कापड मापून कापतो, गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन रॉड बसवतो. वाईट नाही. शेठ सिंधी आहे, बरा आहे, तोंडाचा फटकळ.

तर यंदाची पुनव. काकाचं चिरण्याचं बोलणं होऊन चार-सहा दिवस झाले होते आणि माझ्या डोक्यात तुझी गोष्ट घोळत होती. मी विचार केला, तुझ्या नावानं मला धमकावतात ना? मग तुझंच करतो. तू केलंस तसंच्या तसं. कोंडावर एकदा दाखवली की काका काय, त्याचा आजा आला तरी गप्प. बाप असता तर, बाप असता तर! अरे, बाप असता तर त्यानं हेच केलं असतं! मला इतकं बरं वाटलं बाबा, की इतक्या वर्षांनी तू माझ्या बाजूनं उभा आहेस. मी तिला फोन केला आणि म्हणालो, सुट्टी टाक, धबधबा दाखवतो. ती म्हणाली, "पाऊस गेल्यावर? आता काय नळ बघायला येऊ?" मी म्हणालो, "पावसात तो पिलेला असतो, आता शुद्धीवर आहे." ती खूप हसली. तुझं वाक्य होतं. तेही मी तुझंच वापरलं.

ती तिच्या स्कूटीवरून आली, मी बाइकवर. सोनिवलीच्या पुढे नव्या टॉवरांचे बोर्ड संपले की तिनं हेल्मेट काढून आरशाला अडकवलं आणि गाऊ लागली, बेसूर. गाड्या आंब्याखाली लावून आम्ही बांधावरून चालत निघालो. भात कमरेएवढं, वाऱ्यानं एकाच बाजूला झुकलेलं. तिनं ओंजळीत लोंब्या धरून पाहिल्या, तोडल्या नाहीत. फुलपाखरं इतकी होती की ती दर दहा पावलांना मोबाइल काढत होती. कोंडावर पोचलो. पावसाळ्यातल्या पोरांनी टाकलेल्या बाटल्या कपारीत अडकलेल्या, बाकी सगळं स्वच्छ. वरची धार बारीक होऊन दोन फाट्यांत पडत होती आणि मधल्या कातळावर ऊन आलं होतं.

"काय रे, याला डायबिटीस झालाय का? किती वाळलाय!"

"हळू बोल, देव आहे."

"मग त्याची शुगर तपासू, आण त्याला लॅबमध्ये."

पाय पाण्यात सोडून बसली. मासे पायाला टोचायला आले तर ओरडली, मग परत पाय सोडून बसली. तिनं डब्यातून अंड्याची पोळी आणली होती, ती आम्ही खाल्ली. मी सांगतो तुला, त्या अर्ध्या तासासारखा अर्धा तास माझ्या आयुष्यात आला नाही. मी तिथं थांबलो असतो तरी चाललं असतं. धबधबा दाखवला, पोळी खाल्ली, घरी आलो. एवढंच करायचं होतं. एवढंच तिला सांगितलं होतं.

मग बायका आल्या, चार-पाच जणी, ताटांत लोंब्या, कुंकू, झेंडू. पुढे ती म्हातारी, लग्नात धवल्यांची गाणी म्हणणारी, तुमच्या लग्नाचे धवलेही तिनंच म्हटले होते असं आई सांगते. मी सॅकमधून लोंब्या काढल्या. तिला म्हणालो, "ये ना, जरा हात लाव. फोटो काढू." ती आली. ओल्या पायांनी, हसत, ओढणीला हात पुसत. तिनं माझ्या हाताखाली हात धरला आणि आम्ही लोंब्या दगडावर ठेवल्या. तिला वाटलं, मी देवाला भात देतोय आणि ती माझा हात धरतेय, बस. तिच्याकडे असलं काही नसतं, तरी ती आली, कारण मी बोलावलं होतं.

"आगो बाय बाय! कोंडाला सून दाखवलीस का रं पोरा?" म्हातारी ओरडली आणि कुंकवाचा अंगठा तिच्या कपाळावर. दुसरीनं झेंडूची माळ घातली. तिसरी म्हणाली, "गोरी हाय गो! कोनाची पोर?" आणि म्हातारीनं डोळे मिटून, एक हात कानावर ठेवून धवला धरला. लग्नाचा. तिथंच, त्या पाण्याच्या आवाजात. इतका गोड आवाज अजून त्या बाईचा. आणि ती माझ्याकडे बघत होती.

तिनं म्हातारीसमोर काहीही केलं नाही. धवला संपेपर्यंत उभी राहिली, म्हातारीनं गालावरून हात फिरवला तेव्हा मान खाली घालून फिरवू दिला. बायका उतरून दिसेनाशा झाल्यावर तिनं माळ काढली, दगडावर नीट ठेवली, फेकली नाही. मग काठाशी बसून कपाळ धुतलं. स्वच्छ पाण्यात ते लाल थोडा वेळ धाग्यासारखं फिरलं आणि गेलं.

"हे काय होतं?"

मी सांगितलं. खुशीत सांगितलं, गाढवासारखा. तुझी गोष्ट सांगितली, आजोबांची काठी सांगितली, आता काका कसा गप्प बसेल ते सांगितलं. ती पूर्ण ऐकून घेते, हा तिचा वाईट गुण आहे.

"म्हणजे माझं लग्न लागलं?"

"तसं नाही गं. म्हणजे गावाच्या हिशेबानं."

"माझ्या हिशेबानं?"

मी म्हणालो, तू हो म्हणणारच होतीस ना! ती उभी राहिली. "माझ्या आजीनं कपाळावरचं हे स्वतःच्या हातानं पुसलंय, ठरवून, चारचौघांत. तू ते फोटोच्या नावाखाली माझ्या कपाळावर आणलंस. तुझ्या काकाशी भांडायला तुला मी पाहिजे होते. मी कुठं होते यात? त्या लोंब्या आणि मी, एकाच सॅकमधून काढल्यास."

मग मी चिडलो. मी चिडतोच. आवाज माझा पण नाही, बाबा, तुझाच, कातळावर आपटून परत येणारा. "तुझ्यासाठी मी कॉलेज सोडलं!" ती म्हणाली, "मी सांगितलं होतं का सोडायला? मी सांगितलं होतं, माफी लिहून दे. तेही तू ऐकलं नव्हतंस." आणि ती उतरून गेली. मी मागून बांधापर्यंत धावलो, ओरडलो, भातात काम करणारा एकजण उभा राहून बघत राहिला. स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला. मी परत कोंडावर आलो आणि मोठा धोंडा उचलून त्या पाण्यात घातला. काय झालं? काही नाही. पाणी उडालं, गढुळलं, निवळलं.

संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. म्हातारीच सांगत फिरली, बिचारी, आनंदानं. काका कामावरून आला तो थेट ओट्यावर. "कुठं तोंड दाखवू मी भावकीत? बाप असता तर..." आणि मी त्याचं वाक्य तोडलं. सगळ्या आळीला ऐकवलं. "बाप असता तर काय? बापानं काय केलं होतं? तो आईला विचारून घेऊन गेला होता का कोंडावर? त्यानं केलं तर गोष्ट, आणि मी केलं तर तोंड दाखवायचं नाही?" काका गप्प झाला. खरंच झाला. जिंकलो मी, बाबा, तुझ्या हत्यारानं जिंकलो. आणि मागून आईचा आवाज आला. ती मासे साफ करत बसली होती, हात खवल्यांनी भरलेले.

"नव्हतंच विचारलं."

काका म्हणाला, "वहिनी, तू आत जा."

"मी आतच हाय. आतच व्हते इतकी वर्सं." तिनं कोयता बाजूला ठेवला. माझ्याकडे बघून बोलली, काकाकडे नाही. "मला बारावीची परीक्षा द्यायची व्हती. कर्जतला जाऊन पुढं शिकायचं व्हतं, मास्तरीन व्हायचं. मावशीकडं चार दिस आलते. तुझा बाप बोलला, कोंड दाखवतो. मी कोंड बघाया गेलते रे. कुंकू लागलं तवा मी तिथंच खाली बसले नि रडले. तो समजला धबधब्याचं पानी उडालंय तोंडावर."

आत कुकरची शिट्टी झाली. मी विचारलं, "मग तू बोलली का नाहीस त्याला?"

"वाट बघत व्हते. कदी तरी विचारील. वाईट नव्हता तुझा बाप, माझ्यावर कदी हात नाय उचलला, आजारी पडले तर उशाला बसायचा. चांगला व्हता. मला आवडायचा पन, नंतर. विचारलं असतं ना त्यानं एक डाव, कंच्याबी वर्सी, तर मी हो बोलले असते. त्यानं विचारलं नाय." आणि कोयता उचलून परत माशाचे पर कापायला लागली.

आता बोल. दरवर्षी तू मला त्या दगडाशी बसवून ती गोष्ट सांगायचास आणि घरी आल्यावर आई आपल्याला नव्या तांदळाची खीर वाढायची. दरवर्षी! तुला एकदाही वाटलं नाही, जिची गोष्ट आहे तिला विचारावं? तुला धबधबा शुद्धीवर आहे की नाही ते कळायचं, ढग बघून पाऊस कळायचा, आणि तुझ्या बायकोच्या तोंडावरचं पाणी कुठलं ते कळलं नाही? आणि तू मेलास. हेच मला सगळ्यात जास्त लागतं. तू जगला असतास, म्हातारा झाला असतास, तर कधीतरी पडवीत बसल्या बसल्या सहज तुझ्या तोंडून निघालं असतं, काय गं, तुला तेव्हा यायचं होतं का? आणि ती हो म्हणाली असती आणि ते मिटलं असतं. तू हायवेवरच्या अपघातात गेलास आणि तिचं ते हो तिच्यापाशीच राहिलं. कोणाला देणार ती? मला? मी तर तुझीच गोष्ट सॅकमध्ये भरून नेली.

त्यानंतर दुकानात मी चार पडदे उलट्या बाजूनं कापले. शेठ म्हणाला, "साईं, फूल सब नीचे देख रहे हैं, इनको भी किसी ने छोड़ दिया क्या?" पोरं हसली. मी कात्री आपटली. शेठ हसणं थांबवून म्हणाला, "जा, दो दिन घर बैठ. ग़ुस्सा यहाँ मत काट, कपड़ा महँगा है." म्हणून आज घरी आहे. नाहीतर तुला हे सगळं लिहायला मला कुठला वेळ.

सकाळी मी तिला मेसेज केला. आधी खूप लांब लिहिला होता, त्यात तूही होतास, आईही होती, कोंडही. तो खोडला. कारण त्यात सगळं होतं, फक्त प्रश्न नव्हता. मग दोनच शब्द टाकले. "येऊ का?" मी तिला आजपर्यंत येतो म्हणालोय, ये म्हणालोय, थांब म्हणालोय. येऊ का, कधी म्हणालो नव्हतो. ते पाठवून मी कपडे बदलले, बूट घातले, बाइकची चावी घेतली आणि बसलो हे लिहायला. म्हणजे विचारलं, पण बूट घालून. तुझाच पोरगा.

आत्ता, हे लिहिताना, उत्तर आलं. "नको. मला बोलायचं असेल तेव्हा मी सांगेन."

मी उठलो. खरं सांगतो, उठलोच. चावी हातात, डोकं गरम, आणि मनात तयार वाक्यं, की समोर गेलो की ऐकेल, खाली उभा राहून हाक मारली की गॅलरीत येईल, पोरी नको म्हणतात तेव्हा त्यांना... बाबा, मी ते वाक्य पुरं केलं नाही. उंबऱ्यापाशी उभा राहिलो. गाडी काढली की पंधरा मिनिटांत कुळगाव. तिथं जाऊन मी जे करीन त्याला मी प्रेमच म्हणालो असतो, आणि पुढे माझ्या पोराला खांद्यावर बसवून त्याची गोष्टही केली असती. मी परत आत आलो. अजून राग आहे. तिच्यावर आहे, तुझ्यावर आहे, त्या नकोवर आहे. पण नको म्हणजे नको, एवढंच मला आज कळतंय, ते का कळतंय ते सुद्धा धड कळत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं? पोस्टात तुझा पत्ता नाही. कोंडात टाकलं तर त्या बाटल्यांत आणखी एक कचरा. राहू दे इथंच, गादीखाली. बूट काढलेत. शेतात बुटांचं काय काम. आई एकटी कापतेय आणि अर्धं भात अजून उभं आहे. तिला मी मदतीला येऊ का असं विचारणार नाही, ती हसेल. पण तिला कर्जतचं विचारणार आहे, त्या कॉलेजचं, काय शिकायचं होतं, कोण कोण मैत्रिणी जाणार होत्या. सांगायचं नसेल तर नको सांगू, असंही म्हणेन.

मोबाइल घरी ठेवून जायचं ठरवलं होतं. ठेवलेला नाही, खिशात आहे, आणि आवाज पूर्ण मोठा केलाय. एवढं तुला सांगून ठेवतो. विळा घेतला. दार ओढून घेतोय.